संशोधक येतात, नमुने नेतात; निष्कर्ष गावाला सांगायला नकोत का?

सड्यावरचा (देवगड तालुका)

गेल्या चार वर्षांत आमच्या गावात तीन पथकं येऊन गेली. पहिलं तापाचं. लावणीनंतर वाडीत पाच-सहा जण तापाने पडले होते, तेव्हा रक्त काढून नेलं, उंदरांसाठी पिंजरेही लावले. दुसरं पथक सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आलं, दोऱ्यांचे चौकोन आखून आतली रोपं मोजली. तिसरं प्रश्नावली घेऊन आलं: घरातले किती जण मुंबईला, पैसे किती पाठवतात, शेत कोण बघतं. तिन्ही वेळा आम्ही जेवणखाण बघितलं, वाट दाखवायला माणूस दिला. आजपर्यंत एकाही पथकाचा कागद गावात आलेला नाही. आजी एवढंच म्हणते, "इले, मोजल्यानी आणि गेले."

तापाने पडलेल्यांत माझा चुलतभाऊ होता. तो बरा झाला, पण ते लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतं की आणखी काही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. लेप्टो असेल तर पुढच्या लावणीला पायाच्या चिरा झाकून चिखलात उतरायचं, आरोग्य केंद्रातून डॉक्सीसायक्लिन घ्यायचं, एवढं तरी कळलं असतं.

माझं म्हणणं असं: गावातून रक्त, रोप किंवा मुलाखत नेली तर निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत सांगणं विद्यापीठांना बंधनकारक करावं. सांगितल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. पटत नसेल तर का, ते लिहा.

रानहळद

मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते, सिंधुदुर्गातल्याच सड्यांवर. दुखावलात ते समजलं, पण दाखल्याची अट मला मान्य नाही.

आमच्या शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली असते. सड्यावरची बरीचशी रोपं जून ते ऑक्टोबरच दिसतात, म्हणजे वर्षात हाती चार-पाच महिने. ओळख पटवायला संग्रहालयातले जुने नमुने तपासावे लागतात, मग लेख लिहायचा, तो परत येतो, पुन्हा लिहायचा. निष्कर्ष पक्का होईपर्यंत तीन वर्षं सहज जातात. कच्चा निष्कर्ष सांगितला आणि पुढे चुकीचा निघाला तर गावाचा विश्वास कायमचा जाईल.

दुसरं म्हणजे जागा. दुर्मीळ कंद नेमका कुठे आहे हे चारचौघांत सांगितलं की पुढच्या पावसाळ्यात फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते, कोणी कंद उकरूनही नेतो. हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि उपयोग होत नाही असं नाही. सातबाऱ्यावर तुमचा सडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून पडून असतो. चिरेखाण आली की "तिथे आहे काय, नुसता कातळ" असं म्हटलं जातं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी सिंधुदुर्गातून एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम ही गेंदाच्या कुळातली नवी जात नोंदवली, ती अशाच मोजण्यातून. उद्या कोणी विचारलं की या कातळावर काय आहे, तर उत्तर त्या यादीत असेल. गावाच्या वतीने बोलणारा तो कागद आहे, गावात वाचला गेला नसला तरी.

कलमवाला

देवगड, साडेतीनशे कलमं. विद्यापीठाने काही दिलं नाही असं कोणी म्हणू नये. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. नीलम आणि हापूसच्या संकरातून त्यांनी रत्ना काढला, रत्ना आणि हापूसमधून पातळ बाठीचा, म्हणजे कोयीचा, सिंधू. वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या जाती दिल्या, त्यावर आज कितीतरी घरं उभी आहेत.

पण रानहळद, ज्ञान गावात पोहोचलं नाही तर काय होतं ते माझ्या बागेत बघा. कल्टार घ्या. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष हुलकावणी देतो. कल्टारमधल्या पॅक्लोब्युट्राझॉलने झाडाची वाढ आवरते आणि मोहोर येतो. दापोलीने त्यावर काम करून शिफारस दिली: पावसाळ्यात, झाडाच्या घेराप्रमाणे मोजून, खोडाभोवती जमिनीत. माझ्या वडिलांपर्यंत ती पोहोचली दुकानदाराच्या तोंडून, आणि पोहोचली ती फक्त "घाला, आंबा येतो" एवढीच. घेर कोणी मोजला नाही, खत वाढवायला कोणी सांगितलं नाही. सात-आठ वर्षांत जुनी कलमं खुरटली, आखूड फुटव्यांचे गुच्छ झाले. मी अजून छाटणी करून ती सावरतोय.

साक्याचंही तेच. फळ बाहेरून सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरा स्पंज. आम्ही उन्हाला, खाऱ्या वाऱ्याला दोष देत बसलो. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बाठ फळात असतानाच रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीच्या गरावर त्याचा परिणाम होतो. हे मला एका लग्नात शेजारी बसलेल्या माणसाकडून कळलं. लग्नात!

तालुक्याचा डॉक्टर

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतंय, पण माझा कल सड्यावरचा यांच्याकडे आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आठवा. 1976 साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत जात. ते रुग्णाशेजारी रात्र रात्र बसले, घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरातली संप्रेरकं एकदम उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यांनी यावर दिलं. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की लेख लिहिणारा माणूस महाडलाच राहिला. गोळी कधी द्यायची हे आजूबाजूच्या डॉक्टरांना त्यानेच शिकवलं. निष्कर्ष सांगायला वेगळी सभा लागली नाही.

दुसरं उदाहरण माकडतापाचं. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू 2016 मध्ये दोडामार्गात साथीच्या रूपात आला. काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांना गोचिडीमुळे लागण होत होती. मेलेलं माकड दिसलं की हात न लावता कळवा, हे वाडीवाडीत सांगावं लागलं, कारण मेलेल्या माकडाची खबर गावकऱ्यांनी दिल्याशिवाय विषाणू कुठवर पसरला ते कळणारच नव्हतं. तिथे गावाला सांगणं हे संशोधनाचंच अंग होतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नीतिनियमांत समाजाचा सहभाग आणि लाभाची वाटणी यांचा उल्लेख आहेच. तुमच्या वाडीतल्या रक्ताचा अहवाल निदान त्या त्या रुग्णाला मिळायलाच हवा होता. यावर मला वाद मान्य नाही.

खाडीपलीकडे

मी समाजशास्त्र शिकवतो, रत्नागिरी जिल्ह्यात. बंधनाला माझा पूर्ण विरोध आहे, आणि कारण वेळेचं नाही.

"गावाला सांगा" म्हणता, गाव म्हणजे कोण? 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या आणि 2001 च्या तुलनेत लोकसंख्या घटलेली होती, सिंधुदुर्गातही घटलेली. म्हणजे घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायका ओढतात. पण ग्रामसभेत पुढच्या खुर्च्यांवर कोण असतं? मी मुलाखती घेतो तेव्हा बाई दार लोटून बोलते. मुंबईहून पैसे येणं कधी थांबलं, दिराने जमिनीचं काय केलं, भावाने हक्कसोडावर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही कशी घेतली. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत नाव न घेता सांगितलं तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं की कोण बोललं. त्या बाईला नंतर त्याच घरात राहायचं असतं. तिने मला विश्वासाने सांगितलं, आणि मी ते ग्रामसभेत मांडून दाखला घ्यायचा?

शिवाय दाखला सरपंच देणार. आपल्या कारभाराबद्दल कडू निष्कर्ष निघाला तर तो देईल? मग विद्यार्थी असे विषय घेणारच नाहीत.

सड्यावरचा

खाडीपलीकडे, तुमचा मुद्दा लागला. दाखल्याची अट मी मागे घेतो. सरपंचाच्या सहीवर प्रबंध अडकू नये.

पण सांगण्याचं बंधन मागे घेत नाही. बाईची गोष्ट गुप्त राहिलीच पाहिजे. मात्र तालुक्यातल्या इतक्या घरांत हक्कसोड समजावून न देता सही घेतली गेली, हा आकडा तिच्यापर्यंत पोहोचला तर आपण एकटी नाही हे तिला कळेल. तुम्ही तो आकडा कुठे मांडलात? इंग्रजी नियतकालिकात. तिने दार लोटून सांगितलेलं तिला सोडून सगळ्यांना वाचता येतं. ग्रामसभा नको तर बचतगटाच्या बैठकीत सांगा, तालुक्याचा मिळून सांगा, पण सांगा.

रानहळद, तुमच्या यादीबद्दल. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्याकडे वही आहे. मी उघडून पाहिली: आंबा, काजू, फणस, कोकम, आणि सडा या शब्दापुढे रिकामी जागा. तुमची यादी त्या रिकाम्या जागेत का नाही? चिरेखाणीची सुनावणी लागली तर आम्ही काय घेऊन जाणार?

कासवमित्र

आमच्याकडचं सांगतो. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावाने समुद्री कासवांची घरटी राखली. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र लावलं, नाव ठेवलं प्रथमा. ती कुठवर पोचली हे पोरं मोबाईलवर बघून एकमेकांना सांगायची. 2021 मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना नोंदली गेली. रात्री किनाऱ्यावर जागणारा माणूस नसेल तर असा बिल्ला वाचणार कोण? आम्ही नमुना देणारे नव्हतो, बरोबरचे होतो. सुरुवातीपासून बरोबर घेतलं की शेवटी सांगायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. सड्यावर कोरलेल्या जुन्या कातळशिल्पांचंही तसंच. निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे गुराख्यांना विचारत सडे हिंडले, तेव्हा ती उजेडात आली. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात मालवणातलं कुडोपीही आहे.

खाडीपलीकडे

कासवाला शेजारी नसतात, कासवमित्र. तुमचं काम मला मनापासून मोलाचं वाटतं, पण माणसांच्या अभ्यासाला तो नमुना लागू होत नाही. बचतगटाची सूचना मात्र मी विचारात घेईन. तालुक्याचा एकत्र आकडा मराठीत मांडायला हरकत नव्हती, ते मी केलं नाही हे खरं. सक्तीला विरोध कायम आहे.

रानहळद

नोंदवहीतल्या रिकाम्या जागेबद्दल मी कालपासून विचार करतेय. तिथे रोपांची नावं, फुलायचा महिना आणि सड्याचा साधारण भाग लिहिता येईल, नेमकी जागा न देता. माझ्याकडे दोनशेच्या वर नोंदी आहेत, पण स्थानिक नावं निम्म्यांचीच. ती तुमच्या आजीसारख्यांकडूनच मिळतील.

सड्यावरचा, तुमच्या गावात मोजणी करणारे आम्ही नव्हतो. पण गणपतीत चाकरमानी घरी असतात आणि सडाही फुललेला असतो. गौरी-विसर्जनानंतरच्या दिवशी सकाळी मी येते. आधी सड्यावर जाऊ, मग देवळात बसू. वही तेवढी ग्रामपंचायतीतून बाहेर काढून ठेवा.

सड्यावरचा

या. वही काढतो. आजीला चढ चढवत नाही, तेव्हा रोपं खाली तिच्या पडवीत दाखवावी लागतील. तुळशीएवढी उंच असतील तर तिला बसल्या जागेवरून दिसतात, त्याहून लहान असतील तर तळहातावर ठेवा.

डॉक्टर, रक्ताच्या अहवालासाठी अर्ज कोणाकडे करायचा, तेवढं कळवा. चुलतभाऊ सही करायला तयार आहे.