नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

ताई, वडिलांच्या पश्चात त्यांचा ठाण्याचा फ्लॅट कुणाचा, असं तुम्ही विचारलंय. त्यावर एकांनी लिहिलंय की सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव आहे, म्हणजे फ्लॅट त्याचाच. तसं नाही हो. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली विम्याबाबत आणि २०२३ साली शेअर्सबाबत हेच सांगितलंय. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, तेही वारस ठरेपर्यंतच.

वडिलांचं मृत्युपत्र नाही आणि फ्लॅट स्वकष्टार्जित, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू. आई, तुम्ही दोन बहिणी, भाऊ, एवढेच वारस तुम्ही धरलेत. पण आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्याही पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वात आधी वाटा मिळणाऱ्या वारसांत येतात, त्यामुळे प्रत्येकाचा हिस्सा पाचवा. (आजोबा असते तर ते दुसऱ्या वर्गात, म्हणजे त्यांना काही नाही. आहे की नाही गंमत!) उद्या आजी मृत्युपत्राविना गेल्या तर त्यांच्या हिश्शात काका आणि आत्याही येतील.

आजींना आपला हिस्सा मनापासून सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) आताच करा. शंभर-पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून भागत नाही, ते नोंदणीकृतच हवं. आजींना जाणं जमत नसेल तर दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदवणारे अधिकारी) गृहभेटीचा अर्ज करता येतो. सोसायटीने वारस प्रमाणपत्र मागितलं तर ते दिवाणी न्यायालयातून, १८२७च्या बॉम्बे रेग्युलेशन या ब्रिटिशकालीन कायद्याखाली मिळतं. तलाठ्याकडची वारस नोंद फ्लॅटला चालत नाही.