व्ही-५० म्हणजे सुरक्षित वेग नाही

बुलेटप्रूफ प्लेटांवर चर्चा चालू हाये, त्यात वर एका भाऊनं लिहिलं की चाचणीच्या रिपोर्टात व्ही-५० सेकंदाला नऊशे मीटर आलाय म्हणजे त्या वेगापर्यंत गोळी थांबतेच. नाही ना बा! व्ही-५० म्हणजे ज्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जातील असा अंदाज, तो प्लेटा-प्लेटांची तुलना करायला बरा, जीव त्याच्या भरोशावर टाकायला नाही. चर्चेतला ४४ मिमीवाला मुद्दा मात्र बरोबर हाये, चाचणीत प्लेटीमागं ठेवलेल्या मातीत गोळीच्या दणक्यानं पडलेला खड्डा अमेरिकन एनआयजेच्या (तिथल्या न्याय खात्याची संस्था) नियमात जास्तीत जास्त तेवढाच चालतो.

पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही, रिपोर्टात प्लेट एकटी तपासली का आतल्या मऊ जॅकेटसोबत, ते आधी पाहा. आमचा चुलतभाऊ गडचिरोलीकडं ड्युटीला हाये, त्याच्यासाठी म्हणून मी एका विक्रेत्याकडून कागद मागवला तर वर मोठ्या अक्षरात लेव्हल थ्री (रायफलची गोळी थांबवायची पातळी), अन् खाली बारीक अक्षरात की जॅकेटसोबतच. म्हणजे नुसती प्लेट कॅरिअरमध्ये (प्लेट अडकवायच्या बंडीत) घालून फिरला तर तो निकाल लागूच होत नाही, काहून की चाचणीत काही भार त्या जॅकेटनं उचललेला असतो. अन् गोळी कोणती होती तेही वाचा, एनआयजेच्या जुन्या ०१०१.०६ नियमातली लेव्हल थ्री ७.६२ मिमीच्या एम-८० गोळीवर, ८४७ मीटर सेकंदाला तपासत, त्यात पास झालेली काही पोलादी प्लेट हलक्या पण जास्त वेगाच्या ५.५६ मिमीच्या गोळीनं फुटते. म्हणूनच २०२३ च्या ०१०१.०७ नियमात आरएफ-१ ला (लेव्हल थ्रीच्या जागी आलेली पातळी) एके-४७ ची अन् ५.५६ ची गोळीपण घातली.