खाडीतली पट्टेरी तांबोशी आणि समुद्रातली लाल तांबोशी एकच का?

खाडीकाठ: घरामागच्या खाडीत तिवरांच्या मुळांपाशी मला वीतभर तांबोशी गळाला लागली. तिच्या अंगावर सात-आठ फिकट पांढरे उभे पट्टे होते आणि गालावर निळसर रेघ होती. बाजारात येणाऱ्या हातभर लांबीच्या तांबोशीवर मात्र पट्ट्यांचा मागमूसही नसतो. या दोन वेगळ्या जाती आहेत का? शिवाय प्रवाळाजवळ राहणारा हा मासा निमखाऱ्या पाण्यात कसा तग धरतो?

मत्स्यअभ्यासक: आपल्या वर्णनावरून ही लुट्जेनस अर्जेंटिमॅक्युलेटस, म्हणजे कांदळवनातली तांबोशी, दिसते आणि दोन्ही रूपे एकाच जातीची, फक्त वेगवेगळ्या वयांची आहेत. मादी खुल्या समुद्रात अंडी सोडते, त्यातून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि पुढे पिल्ले खाड्यांत शिरतात. काही तर पार गोड्या पाण्यापर्यंत जातात. तिथे काही वर्षे वाढून, साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास पोहोचल्यावर ती बाहेरच्या खडकांकडे आणि प्रवाळाकडे वळतात, आणि तोवर पट्टे विरून गेलेले असतात. खाऱ्या पाण्यात हा मासा पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात याच्या उलट, मूत्रपिंडे भरपूर पातळ मूत्र तयार करून शरीरात शिरलेले पाणी काढून टाकतात आणि कल्ले क्षार शोषून घेतात. ही सोय नसती, तर तिवरांचा आसरा त्याला मिळालाच नसता.

गळकरी: एक खूण जरूर पाहा. पाठीकडे एकच ठळक काळा डाग असेल, तर ती जॉनची तांबोशी, म्हणजे वेगळीच जात. तिचीही पिल्ले खाडीतच वाढतात, त्यामुळे बाजारात दोन्ही एकाच नावाने विकली जातात. मी साफ केलेल्या एका तांबोशीच्या पोटात कुर्लीचे अख्खे पाय आणि कोळंबीची साले निघाली होती. ती रात्री शिकारीला निघते आणि गळ लागताच मुळांकडे धाव घेते. तिचे सुळे तीक्ष्ण असतात, म्हणून गळ पकडीनेच काढावा.

खाडीकाठ: मनापासून आभार. माझ्या माशाला काळा डाग नव्हता. त्याचे वय सांगता येईल का?

मत्स्यअभ्यासक: नुसत्या लांबीवरून नेमके सांगता येणार नाही. डोक्यातल्या कर्णाश्माचा, म्हणजे कानातल्या दगडासारख्या कठीण खड्याचा, पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची वर्षवलये मोजावी लागतात. ऑस्ट्रेलियात अशा मोजणीतून तीस वर्षांहून अधिक वयाच्या तांबोशी आढळल्या आहेत. आपली वीतभर तांबोशी मात्र अजून एकदाही विण न झालेले पिल्लूच होती, म्हणून पुढच्या वेळी एवढीच लागली तर ओल्या हातांनी धरून तिला परत सोडावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.