उत्तर: उत्तर: इलेक्ट्रिकल की कॉम्प्युटर सायन्स?

> नमस्कार मंडळी. लेक इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे. आता इलेक्ट्रिकलला (ईई) अर्ज करायचा आणि पुढे कॉम्प्युटर सायन्समध्ये (सीएस) बदलून घ्यायचं, असा विचार आहे. जमेल का? आणि तिचा कल कसा ओळखायचा?

दादा, मागच्या दाराचा बेत आधी सोडा. बर्कली विद्यापीठात ईईसीएस (ईई आणि सीएस एकत्र) इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, नुसतं सीएस २०२३ पासून वेगळ्या कम्प्युटिंग कॉलेजात. परड्यू विद्यापीठात ईसीई (इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग) इंजिनिअरिंग कॉलेजाकडे, सीएस सायन्स कॉलेजाकडे. कॉलेज वेगळं म्हणजे बदलीसाठी पुन्हा अर्ज, आणि सीएसच्या जागा आधीच भरलेल्या. इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला, दोन्ही एकाच कॉलेजात आहेत, तरी आत शिरल्यावर सीएस मिळणं जवळपास अशक्यच.

ईई करून सॉफ्टवेअरची नोकरी मात्र मिळते. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स जोडीला घ्यायचे. उलटं, म्हणजे सीएस करून ईईकडे वळणं, अवघड. डिफरन्शियल इक्वेशन्स, सर्किट्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स अशी ईईत एकामागून एक घ्यायच्या कोर्सची साखळी असते. छोट्या विभागात एकेक कोर्स वर्षातून एकदाच निघतो. एक हुकला की डिग्रीच लांबते.

कल ओळखायला आर्डुइनो ऊनो (कोड लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) आणि एक साधं बटण पुरे. बटणाचं एक टोक बोर्डाच्या पिन २ ला, दुसरं ग्राउंडला. ५ व्होल्टपासून त्याच पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर. बटण दाबलं की आकडा एकाने वाढावा, एवढाच कोड. प्रत्यक्षात एका दाबण्यात आकडा कधी तीनने, कधी चारने वाढतो, कारण आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते.

उपाय दोन. कोडमध्ये पहिल्या बदलानंतर २० मिलिसेकंद पुढचे बदल धरायचे नाहीत (थांबायला लावणारी डिले ही आज्ञा वापरली तर बाकी सगळं थांबतं, वेळ मोजणारी मिलिस वापरावी). किंवा पिन आणि ग्राउंडमध्ये १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर: १० किलोओहमबरोबर टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो त्याचं माप) १० मिलिसेकंद. पहिल्या स्पर्शाला तो रिकामा होतो, आणि थरथरीत बटण सुटतं त्या क्षणभरात पुन्हा भरत नाही. ०.१ चा लावला तर हिशेब १ मिलिसेकंदावर येतो, स्वस्त बटणाला तो पुरत नाही. मुलं हमखास इथे अडकतात.

दोन्ही करायला लावा. मग न सांगता ती कशात रमते ते पाहा. कपॅसिटर बदलबदलून बघत बसली तर ईई. कोड लावून लगेच तो आकडा वेबपेजवर न्यायला निघाली तर सीएस. दोन्हीत सारखीच रमली तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही बघा.

---

वरचं उत्तर देणाऱ्या ताईंच्या म्हणण्यात थोडी भर, कारण व्हिसाचा मुद्दा राहिला. लेक एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर २१ वर्षं पूर्ण होताच तो संपतो, त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) बघावा लागतो. ओपीटीचे (शिक्षणानंतर एफ-१ वरच काम करायची मुभा) १२ महिने आणि स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्र्यांना मिळणारी) २४ महिन्यांची वाढ दोन्ही डिग्र्यांना सारखीच. फरक नोकरीत पडतो. रडार, आरएफ (रेडिओ लहरी), उपग्रह ही ईईची मोठी कामं संरक्षण कंपन्यांकडे असतात. तिथे आयटीएआरमुळे (शस्त्र-तंत्रज्ञान परदेशी व्यक्तींना देण्यावरचे अमेरिकी नियम) बहुधा ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं, आणि सिक्युरिटी क्लिअरन्सला (गुप्त कामाची सरकारी परवानगी) नागरिकत्वच. ग्रीन कार्ड लांब असेल तर ईईमध्ये चिप डिझाइन किंवा एम्बेडेडकडे (यंत्रांच्या आतले छोटे कॉम्प्युटर) बघावं.

आणि हो, तिने एपी फिजिक्स सी (हायस्कूलमधला कॉलेज-पातळीचा फिजिक्स कोर्स) मधला इलेक्ट्रिसिटीचा भाग घेतलाय का? त्यात कंटाळली असेल तर बटण आणायचीही गरज नाही.