विळीच्या पात्याचं काळं घासून काढायचं की राहू द्यायचं?

तलावपाळीकर

परवा घरी जे झालं त्यावरून हा धागा काढतेय, मला खरंच जाणून घ्यायचंय बाकीच्यांकडे काय करतात.

आईची विळी आहे माझ्याकडे, तिच्या लग्नातली, अलिबागकडच्या लोहाराने घडवलेली, पोलादी पातं, स्टेनलेस नाही. मला कळायला लागल्यापासून ते पातं काळसर निळं आहे, खिडकीतून उजेड पडला की कुठे जांभळट दिसतं कुठे राखाडी, आणि धारेला फक्त एक बारीक पांढरी रेघ. गेल्या आठवड्यात मी चार दिवस गावाला गेले होते, परत येऊन बघते तर विळी आरशासारखी लख्ख. मोठ्या जाऊबाईंनी माझं काम हलकं व्हावं म्हणून हार्डवेअरवाल्याकडून २२० नंबरचा खरखरीत वॉटर पेपर (घासायचा कागद) आणून लिंबू-मीठ लावून अख्खं पातं घासून काढलेलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मी त्यांना काही बोललेही नाही. पण त्या रात्री विळी धुऊन पुसून ठेवली आणि सकाळी पात्यावर तांबडे ठिपके, जुलै चालू आहे, ठाण्यात कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीयेत, कोरं पोलाद कसं टिकणार. आणि कांदा चिरला तर फोडींच्या कडा करड्या पडल्या, हाताला लोखंडाचा वास. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

माझं मत सरळ आहे. ते काळं म्हणजे घाण नाही, वर्षानुवर्षं कांदे, कैऱ्या, केळफूल चिरून पात्यावर बसलेली साय आहे ती, इंग्रजीत पॅटिना म्हणतात. लाल दिसलं तर काढा, काळ्याला हात लावू नका. विळ्या-सुऱ्या घासून चकचकीत करायचे व्हिडिओ बघून लोक चांगली पाती खराब करतायत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सीवूड्स_ईस्ट

नाही पटलं ताई. माझं माहेर चिपळूणचं, आमच्याकडे आजी रोज रात्री विळी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायची, पातं पांढरंशुभ्र, काळी विळी दिसली की ती म्हणायची या घरात बाई झोपा काढते. म्हणजे काळं राहू द्यायचं ही आपली जुनी पद्धत वगैरे नाहीच आहे, हे बाहेरच्या सुरीवाल्या लोकांचं कौतुक आपण उचललंय. खायच्या वस्तूला लागणारं हत्यार स्वच्छ दिसलंच पाहिजे आणि काळ्या पात्यावर स्वच्छ काय आणि कळकट काय हे तुम्ही ओळखणार कसं? भाताच्या कुकरला आतून काळं राहू द्याल का?

तलावपाळीकर

कुकर अल्युमिनियमचा, त्याचं काळं वेगळं. लोखंडी तवा घ्या ना, तो घासून पांढरा करता का? पहिलाच डोसा चिकटेल. आणि आजीच्या राखेबद्दल, माझीही आजी राखेनेच घासायची, पण राख मऊ असते, २२० च्या पेपरसारखे ओरखडे काढत नाही, आणि घासून झाली की विळी चुलीशेजारी उभी करून ठेवायची, तिथे सगळं आपोआप खडखडीत कोरडं होतं. आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली सिंकचा पाइप आहे आणि तिथे दमटपणा बाराही महिने.

घोडबंदर_ब्रिज

स्टेनलेसची घ्या, विषय संपला. जांभळी नाक्याला हव्या तेवढ्या मिळतात.

भट्टीवाला_रबाळे

मी रबाळे एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक-मऊ करायच्या कामात आहे, वीस वर्षं पोलाद काळं करणं आणि काळं काढणं दोन्ही बघतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी स्टेनलेसचं. त्यात कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार करतं आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. म्हणजे स्टेनलेसवरही थर असतोच, फक्त डोळ्याला दिसत नाही. आपल्या विळ्या-कोयते बरेचदा ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बनवतात, त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन, क्रोमियम जवळपास नाही किंवा अगदी थोडं. त्यामुळे धार उत्तम लागते आणि दगडावर चार हात मारले की परत येते, पण वरचा थर त्याला बाहेरून मिळवावा लागतो.

आता लाल आणि काळं. लाल गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, खपली सुटते, खालचं लोखंड परत उघडं पडतं आणि ते परत गंजतं, असं खात खात जातं. काळा ऑक्साइड घट्ट चिकटून बसतो, सुटत नाही. स्वयंपाकघरातलं काळं नुसतं ऑक्साइड पण नसतं, कच्ची केळी, केळफूल, कैरी, सुपारी यांत टॅनिन असतं, ते लोखंडाशी मिळून निळं-काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून जुन्या काळी काळी शाई करायचे ना, तीच रसायनं. त्यामुळे ताईंचं म्हणणं बरोबर आहे की ती घाण नाही.

पण ताई, एक तुमच्या बाजूने नसलेलं पण सांगतो. ते काळं एकटं गंज अडवत नाही. आमच्याकडे पार्ट काळे करतात ते कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात १४० डिग्रीच्या आसपास, थर जेमतेम एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा बसतो, आणि नंतर तेलात बुडवला नाही तर तो पार्ट पावसाळ्यात आठवड्यात लाल होतो. थर तेल धरून ठेवतो, गंज अडवायचं काम मुख्य तेलाचं. तुमच्या आईच्या विळीवर इतकी वर्षं खोबरं खवलंय, फणस चिरताना तेल लावलंय, ते मुरलेलं होतं. जाऊबाईंनी काळ्याबरोबर ते पण धुऊन टाकलं.

आणि सीवूड्स ताईंच्या आजींची राख. लाकडाची राख अल्कलीसारखी असते, अल्कलीत लोखंड सहजी गंजत नाही, त्यामुळे राखेने रोज घासलेलं पातं पांढरंही राहायचं आणि टिकायचंही. लिंबू बरोबर उलटं करतं. आंबट लावून घासलं की आधी खायचा सोडा लावून मग धुवायला हवं, नाहीतर रात्रीत ठिपके येणारच.

दिवाळेगावची

माझी आई मासळी विकते, तिच्या कोयत्याचं सांगते. धार पांढरी, पाठ काळी, कायम असंच. धार रोज दगडावर जाते तर ती काळी होणारच कशी, आणि वरचं काळं कोण काढत बसणार, त्याने पापलेट काय वेगळं कापलं जात नाय. त्यात पण दोन काळं असतं, पाठीवर असतं ते भट्टीतलं, लोहाराने घण मारलेला असतो तेव्हाचं, जाडं खडबडीत, ते तर आई कोणाला घासू देत नाय. मासळीने येतं ते वेगळं, निळं, मोराच्या पिसासारखं.

जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की कोयता खोबरेल लावून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून वर ठेवते. प्लास्टिकमधे नाय, प्लास्टिकमधे घाम धरतो. एकदा मी शहाणपणा करून पिशवीत ठेवलेला, ऑगस्टमधे काढला तर पिशवीचा आकार पात्यावर लाल उमटलेला.

अडकित्ता

माझा अनुभव जरा वेगळा पण विषयाला धरून. आजोबांचा अडकित्ता, पितळी मोरांच्या मुठी आणि पोलादी पातं, सुपारीने पातं शाईसारखं काळं झालेलं. वाढदिवसाला वडिलांना भेट म्हणून मी तो एका पॉलिशवाल्याकडे दिला, त्याने बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरून असा चमकवला की बघतच राहावं. मग वडिलांनी सुपारी कातरली, दोन दिवसांत धार वळली. दगडावर लावली, परत वळली. तेव्हा नीट बघितलं तर धारेला लागून एक निळी पट्टी होती, मी तिला पॅटिनाच समजत होतो, म्हटलं एवढं राहिलं वाटतं काढायचं. मोरांच्या पिसांवरची कोरलेली नक्षी पण बरीच झिजली ती झिजलीच.

भट्टीवाला_रबाळे

ती निळी पट्टी म्हणजे पाणी उतरलं, लोहाराने तापवून विझवून दिलेला कडकपणा गेला. धार मशीनवर तापली की २०० च्या पुढे आधी पिवळट, मग तपकिरी-जांभळी आणि ३०० डिग्रीच्या आसपास निळी होते, म्हणजे तेवढा भाग मऊ पडला. रंग घासून जाईल, पण गेलेलं पाणी घासून येत नाही. निळा भाग संपेपर्यंत हळूहळू दगडावर, पाणी शिंपडत, धार मागे न्यावी लागेल, तेव्हा खालचं कडक पोलाद लागेल. पातं रुंद असेल तर करण्यासारखं आहे. सगळ्यांना हात जोडून विनंती, ग्राइंडर नाहीतर बफ लावून काळं काढू नका, काढायचंच असेल तर हाताने काढा.

सीवूड्स_ईस्ट

सगळं वाचलं, भट्टीवाले दादांची माहिती खूप छान, तरी माझं मत बदललं नाहीये आणि का ते सांगते. सासूबाईंची विळी माझ्याकडे आली ती अशीच काळी. सगळे म्हणाले राहू दे, शोभते. मी खायचा सोडा ओला करून, कॉर्कच्या बुचाने, दोन दुपारी बसून काळं काढलं, तर पातं पाटात जिथे शिरतं त्या सांध्याजवळ काळ्याच्या खाली तांबडे खड्डे निघाले, टाचणीच्या डोक्याएवढे, तीनचार तर इतके खोल की नख अडकत होतं. म्हणजे वरून काळं छान दिसत होतं आणि आतून पातं खाल्लं जात होतं. ते मी काढलं नसतं तर मला कळलं असतं का? काळं राहू द्या म्हणणारे लोक सांध्यात कधी बघतच नाहीत. माझी विळी आज पांढरी आहे, रोज पुसते, आठवड्यातून एकदा तेल लावते, मला त्यात काही जड जात नाही.

ऐरोलीचा_मी

सीवूड्स ताईंना +१. खाडीच्या वाऱ्यात आमच्या खिडकीचं ग्रिल रंगाखालून असंच गेलं, वरून बघितलं तर एकदम ठणठणीत. एक विचारायचं होतं, तेल कुठलं लावायचं? आम्ही सूर्यफुलाचं लावत होतो, चिकट राप बसला.

भट्टीवाला_रबाळे

सूर्यफूल, करडई, जवस ही तेलं हवेने सुकून चिकट होतात. खोबरेल तसं होत नाही, अगदी पातळ हात फिरवायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. शिलाई मशीनचं तेल खायच्या हत्याराला नको.

आणि सीवूड्स ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, काळं गंज झाकू शकतं. पण ते तपासायला सगळं काढावं लागत नाही. पांढऱ्या टिश्यूला तेलाचा थेंब लावून पात्यावरून दाबून फिरवा. टिश्यू तांबूस आला तर तिथे गंज चालू आहे, राखाडी किंवा काहीच नाही आलं तर ते बसलेलं आहे. तांबूस येईल तेवढीच जागा घासा.

तलावपाळीकर

काल रात्री टिश्यूचा प्रयोग केला. जाऊबाईंनी घासलेल्या पात्यावर तर ठिकठिकाणी तांबूस आलंच, ते अपेक्षितच होतं. पण पाटाच्या सांध्यात, जिथे त्यांचा पेपर पोचलाच नव्हता आणि आईच्या वेळचं काळं अजून आहे, तिथेही टिश्यू चांगलाच विटकरी आला. सीवूड्स ताई, म्हणजे तुमचं बरोबर होतं, मी इतकी वर्षं ती विळी वापरतेय आणि तिथे एकदाही बघितलं नाही. धुतली की उभी करायची आणि सगळं पाणी ओघळून त्याच सांध्यात. आज दुपारी जुना टूथब्रश आणि सोडा घेऊन बसले, तीन खड्डे आहेत, फार खोल नाहीत.

पात्याचे २२० चे ओरखडे आधी ८०० मग १५०० च्या, म्हणजे त्याहून बारीक पेपरने, ओल्याने, पात्याच्या लांबीच्या दिशेने काढले, सोड्याच्या पाण्याने धुतली, गॅसच्या मंद आचेजवळ दोन मिनिटं धरून कोरडी केली, खोबरेल लावलं. जाऊबाई शेजारी बसून सांधा पुसत होत्या. पण पातं मी पांढरं ठेवणार नाहीये, ते मत कायम आहे. आमच्या घरी सकाळी साडेसहाला डबे असतात, रोज विळी राखेने घासायला ना राख आहे ना वेळ, त्यामुळे मला ते काळं परत हवंच आहे, या वेळी सांध्यावर लक्ष ठेवून.

संध्याकाळी मुद्दाम कच्च्या केळ्यांची भाजी केली. पात्यावर पहिला डाग आलाय, केळ्याच्या कापाएवढा, अर्धगोल, कडेला निळा आणि मध्ये करडा. नुसतं पाण्याने धुतलं, घासलं नाही.

सीवूड्स_ईस्ट

मी असते तर तो पण काढला असता. पण विळी आता उभी ठेवू नका, पातं खाली करून आडवी ठेवा, आणि सांध्यात रोज कोरड्या फडक्याचं टोक फिरवा, तेवढं माझं ऐकाच. जाऊबाईंना सांगा सोडा आणि बूच, पेपर नको.