फोर्ट कोची एका दिवसात: सासूबाई आणि मुलगा सोबत आहेत

प्रश्न
पुढच्या महिन्यात आम्ही एर्नाकुलमला मुक्कामी असून फोर्ट कोची आणि मट्टनचेरी पाहण्यासाठी शनिवार मोकळा ठेवला आहे. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे. सगळे एका दिवसात झेपेल का?

प्रतिसाद १
कृपया शनिवार बदलावा. मट्टनचेरीचे १५६८ सालचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असते आणि राजवाडा शुक्रवारी, त्यामुळे हे दोन्ही वार टाळलेले बरे. सिनेगॉगची फरशी मुलाला आवर्जून दाखवा. चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या त्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांपैकी प्रत्येकीवरचे चित्र निराळे आहे, असे म्हणतात. माझी मुलगी दोन सारख्या शोधत अर्धा तास रमली होती.

राजवाडा मात्र सकाळी सर्वांत आधी पाहावा. दालने वरच्या मजल्यावर आहेत, तेव्हा सासूबाईंचे गुडघे थकण्यापूर्वीच जिना चढून झालेला बरा. हा राजवाडा १५५५च्या सुमारास पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला, १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला आणि नाव ‘डच पॅलेस’ पडले. पण आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेले आहे. सासूबाई तिथून लवकर हलणार नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

प्रतिसाद २
दुपारी उन्हात फिरू नये. ऊन उतरल्यावर रिक्षाने फोर्ट कोचीला येऊन सेंट फ्रान्सिस चर्च पाहावे. वास्को द गामाला १५२४मध्ये इथेच पुरले होते, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. छताला टांगलेले कापडी पंखे बाहेरून दोरीने ओढले जात, हे मुलाला समजावून सांगा. मग किनाऱ्यावर मासेमारीची चिनी जाळी पाहत बसावे: चार-पाच माणसे दोर ओढतात, दोरांना बांधलेले मोठाले दगड एकामागून एक खाली येतात आणि पाणी गाळत जाळे वर उचलले जाते. परतताना वॉटर मेट्रोने, म्हणजे प्रवासी बोटीने, एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावर उतरावे.

प्रतिसाद ३
मट्टनचेरीजवळच्या चेरलाई भागातील तिरुमला देवस्थानही पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या सारस्वतांचे हे देऊळ असून त्या परिसरात आजही कोकणी कानावर पडते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. सोमवार ठरवला आहे. सासूबाईंचे माहेर वेंगुर्ल्याचे, त्यामुळे देवळाचे ऐकून त्यांनी गुडघ्यांची तक्रारच मागे घेतली. राजवाड्याहून थेट तिकडे जाऊ.