सोलापुरात जुनी जर्मन सेडान परवडते का, की गुमान हायक्रॉस घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बजेट सगळं धरून चाळीस लाखांच्या आत. पुण्याला कायम जाणं-येणं, अधूनमधून हैदराबाद, एरवी घर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी. घरात दोन पक्ष पडलेत. वडिलांचं म्हणणं, नवी इनोव्हा हायक्रॉस टॉप मॉडेल घे, विषय संपव. माझा जीव तीन-चार वर्षं वापरलेल्या मर्सिडीज सी-क्लास किंवा बीएमडब्ल्यू थ्री सिरीजमध्ये अडकलाय.

फीचर्सचं मला फार कौतुक नाही. शोरूमवाला आधी सनरूफ उघडून दाखवतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला ते उघडून कुणाला काय बघायचंय? अँबियंट लाइटचे 64 रंग आहेत म्हणे. असू देत. पण व्हेंटिलेटेड सीट (आतून हवा खेळणारी) मात्र एकदा बसून बघितली आणि आता साधी सीट नको वाटते. मागच्या एसीचा झोत आणि सीटचा आराम हेही महत्त्वाचं, कारण आई-वडील मागेच बसतात. हायक्रॉसच्या टॉप मॉडेलला मधल्या रांगेत पाय पसरायची सोय आहे, हा वडिलांचा हुकमी पत्ता.

खरी अडचण वेगळी आहे. दोन्ही जर्मन गाड्यांसाठी मी ज्या वर्कशॉपवर अवलंबून राहणार ते पुण्यात, म्हणजे अडीचशे किलोमीटरवर. एखादा सेन्सर गेला, डॅशबोर्डवर दिवा लागला, तर काय करता? टो करून नेता की इथेच कुणी भरवशाचा माणूस आहे? वर्षाचा खर्च किती धरावा, हेही ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनीच सांगावं. यूट्यूब बघून झालंय.

शोरूमचाही अनुभव विचारतो. पुण्यात एका ठिकाणी कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' म्हणून रक्कम घातली होती आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल म्हणाले. कशाचे चार्जेस ते लेखी द्या म्हटल्यावर ती ओळ गायब. तुमच्याकडेही असंच होतं का?

जुळे_सोलापूरकर :
मालक, इन्शुरन्स कुठूनही घेता येतो, सक्ती करता येत नाही. बाहेरचं कोटेशन समोर ठेवा, त्यांचा आकडा आपोआप खाली येतो. फक्त झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची कपात नाही) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचं कव्हर) दोन्हीकडे सारखं आहे का ते बघून तुलना करा, नाहीतर स्वस्त पॉलिसी क्लेमच्या वेळी महाग पडते.

आता टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, डिझेलला 15. जुनी एमएच पासिंगची घेतली तर हा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो, तुमचा मोठा फायदा तिथेच. म्हणून विजापूर-कलबुर्गीकडची केए (कर्नाटक) पासिंगची गाडी दोन-अडीच लाखांनी स्वस्त दिसली तरी हुरळू नका. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणा, इथला टॅक्स भरा, तिकडचा परत मिळवायला खेटे घाला. स्वस्ताई तिथेच विरते.

फर्मच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर जीएसटीचं क्रेडिट साध्या प्रवासी गाडीवर मिळत नाही. घसारा मिळतो, 15 टक्के. सीएला विचारून घ्या. नवी घेतलीत तर दहा लाखांवर 1 टक्का टीसीएस (विक्रेता आधीच वसूल करतो तो आयकर) घेतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो, विसरू नका.

होटगी_रोड :
टायर बघितलेस का बे? थ्री सिरीजला बहुतेक रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं चालणारे) असतात, स्टेपनीच नसते. पंक्चर झालं तर 80 च्या स्पीडने साधारण 80 किलोमीटर जाता येतं, पण आपला नेहमीचा पंक्चरवाला त्याला हात लावत नाही, आणि त्या मापाचा टायर इथे लगेच मिळेलच असं नाही. शिवाय साइडवॉल कडक, त्यामुळे खेड्यातल्या रस्त्यावर कंबर बोलते. साधे टायर टाकून डिकीत स्टेपनी ठेवणारे लई आहेत.

आणि हो, गाळप सुरू झालं की टेंभुर्णी ते मोहोळ रात्री उसाच्या ट्रॉल्या. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. अ‍ॅडासवर (कॅमेरा-सेन्सरने आपोआप ब्रेक वगैरे लावणारी सिस्टीम) विसंबून गाडी हाणू नको. आणि कॅमेऱ्याची पुढची काच फुटली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो. ते काम गल्लीत होत नाही.

धागाकर्ता :
दोघांचे आभार. टायरचं डोक्यातच नव्हतं. आता सी-क्लासकडे जास्त झुकतोय, पण कंपनीच्या सर्टिफाइड (तपासलेल्या जुन्या गाड्यांच्या) विभागातूनच, वाढीव वॉरंटी शिल्लक असलेली. जुळे_सोलापूरकर अण्णा, एक सांगा : सर्व्हिस हिस्टरी चॅसी नंबरवरून दुसऱ्या शहरातलं वर्कशॉप काढून देतं का, की मूळ मालकालाच मागावी लागते? रविवारी एक गाडी बघायला जायचंय, त्याआधी कळलं तर बरं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.